खरेदीखत कोणी लिहायचे? जालना जिल्ह्यातील घरव्यवहारांचा इतिहास

घर विकत घेणाऱ्याच्या बाजूने जुने कागद तपासणारा, मसुदा करणारा आणि पैसे व ताबा एकाच वेळी हातोहात जातील याची काळजी घेणारा एकच व्यावसायिक जालना जिल्ह्यात कधी नव्हता. मुंबईत हे काम सॉलिसिटरचे. तेथे 1824 मध्ये सुप्रीम कोर्ट सुरू झाले आणि त्याबरोबर इंग्लंडच्या धर्तीवरचा अॅटर्नीचा पेशाही आला. 1830 मध्ये सुरू झालेली क्रॉफर्ड बेलीसारखी पेढी आजही चालू आहे, आणि सॉलिसिटरची परीक्षा घेणारी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी 1894 पासूनची आहे. पण हा पेशा मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्राभोवती वाढला आणि तिथेच राहिला. घाटावर तो फारसा आला नाही आणि निजामाच्या मुलखात येण्याचा प्रश्नच नव्हता. जालन्यात तेच काम कुलकर्णी, काझी, अर्जनवीस, वकील, स्टॅम्प व्हेंडर आणि नोंदणी कचेरीतला कारकून यांच्यात वाटलेले होते. त्यांतल्या कोणाकडे जायचे हे राज्य कोणाचे आणि दफ्तराची भाषा कोणती यावर ठरत आले. आधीचा कागद ज्याला वाचता येतो त्याच्याकडेच गिऱ्हाईक जात असे. जालन्यात त्या कागदाची भाषा किंवा लिपी दोन शतकांत तीनदा तरी बदलली, म्हणून इथली निवड मुंबईपेक्षा अवघड होती.

खेड्यात घर विकण्याचे प्रसंग मुळात थोडे. गावाची काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरीतल्या घराच्या जागेवर सारा नसे, मोजणी नसे आणि नकाशाही नसे. माळवदाचे घर खणांत मोजले जाई. घर पाच खणांचे की सात खणांचे, एवढ्यावर त्याची ओळख पटे. विक्री झालीच तर पाटील-कुलकर्ण्यांसमोर, चार शेजाऱ्यांच्या साक्षीने होई आणि कुलकर्णी मोडीत खत लिही. तंटा उभा राहिला तर गोत बसे आणि निवाड्याचा महजर होई. बाजारपेठेच्या गावात शेटे-महाजनांची साक्ष वजनदार मानली जाई. मोगलाईत आणि पुढे निजामाच्या अमलात शहरातल्या खतांवर काझीची मोहोर घेण्याची रीत होती. काझी लिहिणारा नव्हे, दाखला देणारा. व्यवहार खरोखर झाला एवढेच त्याची मोहोर सांगे. विकणारा खरा मालक होता की नाही, याची हमी तिच्यात नसे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जालना शिंद्यांकडे होते. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या भोकरदन तालुक्यातील असई येथे आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. त्याच वर्षी डिसेंबरअखेर झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख, जालन्याच्या किल्ल्यासह, त्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. जमिनीच्या कागदांसाठी हा सांधा महत्त्वाचा आहे. कुलकर्ण्याच्या घरी मोडीतले दफ्तर तसेच चालू राहिले, पण वरच्या कचेरीची भाषा फारसी झाली. गावात लिहिलेला कागद कचेरीत वाचता येईना आणि कचेरीतला हुकूम गावात. दोन्ही वाचणाऱ्याची गरज तेव्हापासून लागली आणि खत लिहिणाऱ्याचा धंदा खऱ्या अर्थाने याच गरजेतून उभा राहिला.

शहर वाढले तसे घरांना गिऱ्हाईक आले. 1827 मध्ये जालन्यात इंग्रजांची छावणी वसली. तिच्या पुरवठ्यावर व्यापारी, कंत्राटदार आणि कारागीर जगू लागले. कुंडलिकेच्या एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला कादराबाद म्हणजे नवा जालना अशी दुहेरी वस्ती पक्की झाली. साधारण 1900 च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे आली, कापसाची बाजारपेठ फुगली आणि जालना सोने का पालना ही म्हण लोकांच्या तोंडी बसली. 1903 मध्ये छावणी उठली, पण तोवर पेठेची घडी बसली होती. दुकानावर माडी असलेले घर हे राहण्याचे ठिकाण होते तसेच तारण ठेवण्याजोगी मालमत्ताही. तारण आले की सावकार आला, आणि त्याला तोंडचा शब्द पुरत नव्हता, लेखी कागद हवा होता.

निजामाचा दिवाण सालारजंग पहिला याने 1860 च्या दशकात जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, करून कारभाराला चौकट दिली. 1880 च्या दशकात राज्यकारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. जमीन महसुलाचा कायदा 1317 फसलीचा, म्हणजे इसवी सन 1907 च्या आसपासचा. नोंदणी आणि मुद्रांक यांच्यासाठीही संस्थानाचे स्वतःचे कायदे होते. शेजारच्या ब्रिटिश मुलखात स्थावर मालमत्तेच्या खतांची सक्तीची नोंदणी 1864 च्या कायद्यापासून सुरू झाली आणि 1908 च्या कायद्याने तिला आजचे रूप आले. बुलढाण्याच्या बाजूला, वऱ्हाडात, एक कायदा आणि सीमेच्या अलीकडे जाफराबाद-भोकरदनात दुसरा, असा प्रकार अनेक वर्षे चालला. दोन्हीकडे सोयरीक असलेल्या कुटुंबांच्या वाटणीपत्रांत त्याची गुंतागुंत उतरे.

कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस हा या काळातला मुख्य माणूस. त्याला उर्दू लिहिता येई, मराठी बोलता येई आणि जुन्यापैकी असला तर मोडीही वाचता येई. विकणारा मराठीत सांगे, अर्जनवीस उर्दूत लिही आणि पुन्हा मराठीत वाचून दाखवी. मग अंगठा होई. कागदाच्या शेवटी, वाचून दाखविले, समजले आणि कबूल आहे, अशा अर्थाचे वाक्य असे. हे वाक्य लिहिणाऱ्यावर सगळा विश्वास टाकलेला असे. देणाऱ्याला त्यातले अक्षर कळत नसे आणि घेणारा व्यापारी असला तरी बहुधा त्यालाही नाही. अशा वेळी अर्जनवीस कोणाचा माणूस, हा प्रश्न आपोआप निघे. लिहिण्याचा खर्च घेणारा करी आणि लेखकही तोच आणी, ही पूर्वापार पद्धत. देणाऱ्याने आपला वेगळा माणूस आणला तर ते अविश्वासाचे लक्षण समजले जाई. एकाच लेखकाने दोघांचे लिहायचे, हा संकेत आजही जिल्ह्यातल्या बहुतेक व्यवहारांत टिकून आहे, आणि इथल्या अनेक दाव्यांचे मूळ त्यातच आहे.

चांगल्या लेखकाची खूण त्याच्या चतुःसीमेत दिसे. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, एवढे कोणीही लिही. जाणता लेखक खोदून विचारी. उत्तरेकडची भिंत कोणाची? सामायिक असेल तर तिच्यावर माडी चढवण्याचा हक्क कोणाला? माळवदाचे पाणी पन्हाळीतून कोणाच्या अंगणात पडते? मोरीचे पाणी कुठून जाते? आड सामायिक आहे का? मागच्या दाराने बोळातून ये-जा करण्याची वाट आहे की ती शेजाऱ्याच्या मर्जीवर? दाट वस्तीच्या पेठेत घराच्या किमतीचा बराच भाग याच हक्कांत असतो. ते कागदावर आले नाहीत तर दहा वर्षांनी भिंत पडली की भांडण ठरलेले. पुढे नगररचनेचे नकाशे आले, सिटी सर्व्हे झाला, पण पन्हाळीचे पाणी नकाशात दिसत नाही. ते फक्त खतात दिसते, आणि तेही लिहिणाऱ्याने विचारले असेल तरच.

वकील हा अर्जनवीसापेक्षा वरचा, महागाचा आणि विरळा. हैदराबाद संस्थानात वकिलांचे दर्जे होते. कोणी वरिष्ठ न्यायालयापर्यंत काम चालवी, कोणी फक्त तालुक्याच्या अदालतीत. घराच्या साध्या खरेदीला वकील लावण्याची चाल नव्हती. वकील लागे तो वाटणीत, दत्तकाच्या वादात, गहाण सोडवताना, नाहीतर दावा उभा राहिल्यावर. वकिलाकडे गेलो म्हणजे भांडण आले, हा मराठवाड्यातला जुना समज या काळातला आहे. व्यवहार बिनभांडणाचा व्हावा म्हणूनच वकील लावायचा, ही कल्पना जालन्यात फार उशिरा रुजली.

या काळातले खत आज वाचायला घेतले तर अडचणी एकामागून एक येतात. पहिली तारखेची. संस्थानाचे फसली वर्ष साधारण 6 ऑक्टोबरला आजूर महिन्याने सुरू होई आणि आबानने संपे. मधले महिने दय, बहमन, खुर्दाद, तीर असे इराणी नावांचे. 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948. इसवी सन काढायला फसलीत कधी 590 तर कधी 591 मिळवावे लागतात, आणि महिना न पाहता आकडा मिळवला की वर्षाची चूक होते. दुसरी अडचण पैशांची. किंमत संस्थानाच्या हाली सिक्क्यात असे, आणि सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, अर्थात ब्रिटिश रुपये. पन्नास वर्षांपूर्वीचे गहाण सोडवताना रक्कम कोणत्या रुपयांत धरायची यावर वाद घालता येई. तिसरी अडचण लिपीची. शिकस्ता वळणाची घाईतली उर्दू वाचणे ही वेगळीच विद्या आहे. छापील उर्दू येणाऱ्यालाही ती येतेच असे नाही.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत मालकीचे जेवढे कायदे बदलले तेवढे आधीच्या शंभर वर्षांत बदलले नव्हते. 1949 मध्ये जहागिरी संपल्या. 1950 चा कुळकायदा आला. 1 एप्रिल 1951 पासून भारताचे अनेक केंद्रीय कायदे या भागाला लागू झाले, त्यात 1908 चा नोंदणी कायदाही होता. 1954 च्या इनाम निर्मूलन कायद्याने इनामांची फेररचना झाली. मात्र देवस्थाने, मशिदी, दर्गे यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनींचे स्वरूप वेगळे राहिले. शहराच्या कडेला आज प्लॉट पडलेल्या कित्येक जागांच्या मुळाशी असे इनाम निघते. मदतमाश म्हणजे निर्वाहासाठीचे इनाम असेल तर एक नियम, खिदमतमाश म्हणजे सेवेसाठीचे असेल तर दुसरा. हा शब्द जुन्या उर्दू कागदात एका कोपऱ्यात असतो आणि त्याच्यावर पुढच्या सगळ्या खरेद्यांचे भवितव्य ठरते. 1954-55 च्या सुमारास तयार झालेले खासरा पत्रक हे या सांध्यावरचे मोठे साधन. जमीन कोणाच्या ताब्यात, कोणत्या प्रकारची, मालक कोण, कूळ कोण, याची त्यातली नोंद मराठवाड्यातल्या वकिलाला पहिल्यांदा लागते. पश्चिम महाराष्ट्रातला वकील सात-बाराच्या जुन्या उताऱ्यांपासून सुरुवात करतो, जालन्यातला खासऱ्यापासून.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला. मुंबई मुद्रांक अधिनियम 1958 हा फेब्रुवारी 1959 पासून लागू झाला, तोच आजचा महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम. वेगळा करार नसेल तर खरेदीखताचे मुद्रांक शुल्क घेणाऱ्याने भरायचे, असे त्यात आहे. म्हणजे जुन्या रिवाजाला कायद्याचा आधार मिळाला आणि लेखक घेणाऱ्यानेच आणायचा ही चालही पक्की झाली. खते आता मराठीत होऊ लागली. लिहून देणार, लिहून घेणार, ओळखदार, भरून पावलो ही शब्दयोजना स्थिरावली. ज्या अर्जनवीसांचे सारे भांडवल उर्दू होते त्यांचे नव्या दस्तांचे काम गेले. जुने वाचून दाखवण्याचे मात्र राहिले. त्यांच्यातल्या अनेकांनी देवनागरीत लिहायला सुरुवात केली, पण वाक्यांचा साचा जुनाच ठेवला. सबब, मजकूर, तहहयात, बिलाशर्त हे शब्द त्यामुळेच आजच्या टंकलिखित खतातही भेटतात.

1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने वकिलांचे जुने दर्जे संपवले आणि सगळे अॅडव्होकेट एका पातळीवर आले. मुंबईत सॉलिसिटर आणि अॅडव्होकेट यांच्यातली न्यायालयीन कामाची विभागणीही 1 जानेवारी 1977 पासून गेली. सॉलिसिटर हे नाव मात्र परीक्षेमुळे आणि पेढ्यांमुळे उरले. जालन्याच्या दृष्टीने या कायद्यातली महत्त्वाची बाब वेगळीच आहे. न्यायालयात उभे राहणे हा वकिलाचा राखीव हक्क आहे, पण खरेदीखत वकिलानेच लिहावे असे कायदा म्हणत नाही. पक्षकाराला स्वतःचे खत स्वतः लिहिता येते. त्यामुळे बाँड रायटरचा, म्हणजे अर्जनवीसाच्या जागी आलेल्या दस्तलेखकाचा, धंदा वकिलांच्या शेजारी, एकाच आवारात, आजतागायत चालू राहिला. बाँड रायटर स्वस्त, तयार मसुद्याचा आणि कचेरीच्या वेळा ठाऊक असलेला. वकील महाग, पण चूक निघाली तर सनदीला जबाबदार. दोघांत फरक पडतो तो खताच्या आधीच्या कामात. बाँड रायटर दाखवलेला कागद उतरवून घेतो. न दाखवलेला कागद मागणे, त्यासाठी कचेरीत जाणे, हे वकिलाचे काम.

हा फरक जालनेकरांना जाणवू लागला तो उद्योग आणि बँका वाढल्यावर. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी जालन्यात उभी केली. मागोमाग इतर बियाणे कंपन्या आल्या, मग लोखंडी सळयांचे कारखाने. 1 मे 1981 रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतून परतूर घेऊन नवा जिल्हा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बसू लागले. अपिलासाठी दूर जाण्याची गरज उरली नाही आणि वकिलांची संख्या वाढली. नोकरदार वर्ग आला, अकृषिक परवानगीचे प्लॉट पडले, घरबांधणीला कर्ज मिळू लागले. कर्ज देणाऱ्या बँकेने एक गोष्ट केली जी पिढ्यान् पिढ्या कोणी केली नव्हती: तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागितला, आणि तोही आपल्या पॅनेलवरच्या वकिलाचा.

तीस हा आकडा मनाला येईल तसा आलेला नाही. 1908 च्या मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवण्याला साठ वर्षे होती. 1963 च्या कायद्याने ती तीस झाली. पुराव्याच्या कायद्यातही योग्य ठिकाणाहून आलेला तीस वर्षांचा जुना दस्त खरा मानण्याची सवलत आहे, आणि 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती राहिली. 1975 मध्ये जालन्यात तीस वर्षे मागे जायचे म्हणजे निजामाच्या उर्दू दफ्तरात शिरायचे. आजची तीस वर्षे 1990 च्या दशकात, सगळी मराठीत, संपतात. म्हणून नव्या प्लॉटच्या खरेदीत उर्दूचे नावही निघत नाही. जुन्या जालन्यातला वडिलोपार्जित वाडा विकायचा असेल तर मात्र तीस वर्षांत एकही खरेदी झालेली नसते. मालकीचे मूळ 1340 फसलीच्या कागदातच सापडते आणि वकील पुन्हा उर्दू जाणणाऱ्याच्या शोधात निघतो. परतूर भागातल्या मिळकतीसाठी जुने जिल्हा दफ्तर परभणीकडचे. बदनापूर, घनसावंगी, मंठा हे तालुके पुढे वेगळे झाले, म्हणून तिथल्या जुन्या दस्तांसाठी आधीच्या तालुक्याची कचेरी गाठावी लागते. कोणत्या वर्षापर्यंत कोणती कचेरी हे तोंडपाठ असणे, ही इथल्या वकिलाची खरी पुंजी.

बँकेच्या पॅनेलवरचा वकील घेणाऱ्याचाही वकील असतो, असा एक सोयीस्कर गैरसमज आहे. तो बँकेसाठी पाहतो. कर्जाएवढे तारण सुरक्षित असले की त्याचे काम झाले. सामायिक भिंत, बोळातली वाट, बांधकाम मंजूर नकाशाबाहेर गेलेले असणे, या गोष्टी त्याच्या अहवालात येतीलच असे नाही. त्याचे शुल्क मात्र घर घेणाऱ्याच्या खिशातून जाते, हे वेगळे.

नोंदणी कचेरीबद्दलचा गैरसमज त्याहून जुना. दुय्यम निबंधकाने शिक्का मारला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे जिल्ह्यात सर्रास समजले जाते. नोंदणी कायद्यानुसार तो पाहतो ते एवढेच: दस्त ठरलेल्या मुदतीत, म्हणजे चार महिन्यांत, हजर झाला का, देणारा तोच आहे का, त्याने सही कबूल केली का, शुल्क पुरेसे आहे का. विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात 2025 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. काझीच्या मोहोरेने जे सांगितले जाई त्याच्या फार पुढे आजचा शिक्काही जात नाही. मालकी तपासायची जबाबदारी घेणाऱ्यावर होती आणि आहे.

गेल्या तीस वर्षांत वकिलाला विचारावे लागणारे प्रश्न बदलले. सगळ्यात मोठा बदल बहिणींमुळे झाला. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी हा हक्क लागू होतो, हा निकाल 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात लागला. त्याआधी भावाभावांच्या सह्यांवर झालेल्या कितीतरी खरेद्या आता डळमळीत वाटू लागल्या. आज जालन्यात जुने घर घेताना जाणता वकील प्रथम वंशावळ काढायला लावतो आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची हक्कसोडपत्रे मागतो. भावाला हे आवडत नाही. व्यवहार लांबतो. घाई असलेला पक्षकार दुसऱ्या लेखकाकडे जातो, जो असले प्रश्न विचारत नाही.

मुस्लिम कुटुंबांच्या घरांत हिबाचा प्रश्न येतो. तोंडी हिबा, म्हणजे दान बोलून दाखवणे, ते स्वीकारणे आणि ताबा देणे, एवढ्याने मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात मालकी जाते. हिबानाम्याची नोंदणी सक्तीची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हफीजा बीबी प्रकरणात मान्य केले. त्यामुळे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची, कितीही चाळला तरी असे हस्तांतर दिसत नाही. जालन्यासारख्या मिश्र वस्तीच्या शहरात हे न जाणणाऱ्या वकिलाचा सर्च रिपोर्ट अर्धवट असतो. तो घरी जाऊन विचारावे लागणारे प्रश्न विचारतच नाही.

सावकारीचा प्रश्न जुना. कर्ज दिले, पण गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेतले आणि परत देण्याचे तोंडी ठरवले, हा प्रकार निजामाच्या काळापासून आहे. परत देण्याची अट त्याच कागदात नसेल तर कायदा त्याला गहाण मानत नाही, ही मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली 1929 ची दुरुस्ती. सावकाराच्या लेखकाला ती पाठ असे, कर्जदाराला नसे. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याने अशी खते तपासून मिळकत परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांना दिला. पण तिथेही पहिला प्रश्न असतो खत कोणी लिहिले, कोणाच्या सांगण्यावरून आणि पैसे कसे मोजले.

शहराच्या कडेला गुंठेवारी पसरली. शेतजमिनीचे एकदोन गुंठ्यांचे तुकडे शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर विकले गेले, कारण तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्यामुळे नोंदणीची वाट अडलेली होती. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने आणि 2021 च्या दुरुस्तीने अशा कित्येक वस्त्या नियमित करण्याची सोय झाली. तुकड्यांचे दस्त नोंदवू नयेत असे नोंदणी विभागाचे 12 जुलै 2021 चे परिपत्रक मे 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले. पुढे नियम पुन्हा बदलत राहिले. या गोंधळात स्टॅम्प व्हेंडर हाच अनेकांचा सल्लागार झाला. मुखत्यारपत्र, साठेखत आणि ताबापावती या तीन कागदांवर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले, तरी हे तीन कागद मिळून जालन्याच्या कडेच्या वस्त्यांमध्ये घरे विकली जातच राहिली.

कचेरीची यंत्रणा मात्र झपाट्याने पालटली. तेलगीच्या बनावट मुद्रांकांच्या प्रकरणाने 2000 नंतरच्या काळात स्टॅम्पपेपरवरचा विश्वास उडवला आणि शुल्क आधी फ्रँकिंगने, मग ऑनलाइन भरले जाऊ लागले. 2001 च्या दुरुस्तीने दस्तावर दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठे आले, त्यामुळे तोतया उभा करणे अवघड झाले. सरिता ही संगणक प्रणाली आली, पुढे आयसरिता. दस्ताची माहिती आधीच घरून भरता येऊ लागली आणि इंडेक्स टू संगणकावर पाहता येऊ लागला. यातून बाँड रायटरचे रूपही बदलले. पूर्वी त्याचे अक्षर पाहत, आता त्याचा संगणक आणि छपाईयंत्र पाहतात. एप्रिल 2021 पासून बाईच्या नावावर राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तोच सांगतो. 2017 पासून महारेरा असल्यामुळे मोठ्या गृहप्रकल्पातल्या सदनिकेचे बरेच कागद संकेतस्थळावर मिळतात. जुन्या वाड्याला त्याचा उपयोग नाही.

2017 नंतर समृद्धी महामार्गासाठी जिल्ह्यात जमिनी थेट खरेदीने घेतल्या गेल्या. त्यात मालकीचा कागद स्वच्छ नसेल तर मोबदला अडकतो, हे गावोगाव लोकांनी पाहिले. एरवी खत होईपर्यंत कोणी न काढणारे खासरे, फेरफार आणि वाटणीपत्रे एकदम बाहेर आली. वकिलांकडे रांगा लागल्या, आणि त्या रांगांत भांडणाआधी आलेले लोक बरेच होते.

गावठाणातल्या घरांचा प्रश्न सर्वांत शेवटी सुटू लागला. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कराचा कागद असूनही पिढ्यान् पिढ्या मालकीचा म्हणून वापरला गेला, कारण दुसरे काही नव्हतेच. 2020 मध्ये देशभर सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरोघर मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. चौकशी अधिकारी घरमालकाला आधीचे खत मागतो तेव्हा काहींच्या पेटीतून मोडीतला कागद निघतो, काहींच्या पेटीतून उर्दूतला आणि पुष्कळांच्या पेटीतून काहीच निघत नाही. कागद नसलेल्यांच्या बाबतीत ताबा, कराच्या पावत्या आणि शेजाऱ्यांचे जबाब घेऊन नोंद होते, आणि तो जबाब कसा लिहायचा हे विचारायला लोक पुन्हा तालुक्याच्या आवारातल्या टेबलाकडेच जातात.